टायरांचं हॉटेल

ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी
तॉर्नी आम्हाला शोरूममध्ये उभं करून सांगतो:
एकदा गाडी विकली की गिऱ्हाईक सात वर्षं तोंड दाखवत नाही,
पण टायर बदलायला मात्र वर्षातून दोनदा
आपल्या पायांनी दारात येतं.
आयतं.
तेव्हा इल्वा, नुसती चाकं बदलू नकोस. बोल.
आणि तो चौकटींचा कागद देतो:
वायपर. बॅटरी. काचेचं पाणी. नवं मॉडेल दाखवू का?

बाहेर सरोवर अजून गोठलेलं नाही,
फक्त शिसं उगाळल्यासारखं दिसायला लागलंय.
आख्ख्या ऑस्टरसुंडला एकाच रात्रीत आठवतं
की हिवाळा नावाची गोष्ट असते,
आणि सकाळी साडेसहाला आमच्या फाटकापासून
पेट्रोल पंपापर्यंत दिव्यांची रांग.

मागच्या शेडमध्ये टायरांचं हॉटेल आहे.
हॉटेलच म्हणतात सगळे, हसत नाही कुणी.
उन्हाळाभर खिळेवाले झोपतात, हिवाळाभर बिनखिळ्यांचे.
प्रत्येकाच्या कुशीवर खडूने लिहिलेलं:
डावं पुढचं, उजवं मागचं,
जाग आल्यावर जागा चुकू नये म्हणून.

अकरा वर्षं झाली मला.
हात बघून कुणी भविष्य सांगावं
तशी मी रबर बघून मागचं सांगते.
हा ब्रेक उशिरा दाबतो.
ही डावीकडे फूटपाथला घासते.
याने यंदा लेकाला गाडी शिकवली.

यॉर्डिस ब्रोलिन, रॅक दोनशे चौदा.
गाडी बावीस वर्षांची.
दर उन्हाळ्यात तिची चाकं मिलिमीटरभर झिजून यायची,
खाचांत तांबडे खडे,
आमच्या रस्त्यांवर नसतात असले.
सीमेपलीकडे बहीण राहते,
एवढंच कधीतरी बोलली होती.

या वेळी माप लावलं: साडेपाच.
एप्रिलमध्ये मीच लिहिलेलं: साडेपाच.
पुन्हा लावलं. चारही चाकांना.
खाचांत एकच खडा, मागच्या कुठल्यातरी वर्षाचा,
रुतून रुतून रबराएवढाच काळा.
स्क्रूड्रायव्हर लावला तर कडेने तांबडा निघाला.

काचेपलीकडून बघत होती.
दार ढकलून आत आली,
गिऱ्हाइकांना जिथे येऊ देत नाहीत तिथे.
"राहू दे तो."
"उडाला तर मागच्याच्या काचेवर बसेल," मी म्हटलं, नियमाप्रमाणे.
"इतक्या जोरात मी आता कुठे जाते?"

गाडी लिफ्टवर, चारही पाय काढलेली.
मी पुढे विचारलं नाही.
कागदावर चौकटी पुष्कळ होत्या,
या प्रश्नाला एकही नव्हती.

कॉफी दिली. मशीनची, पातळ.
गाडी तयार होऊन वीस मिनिटं झाली तरी ती बसूनच,
रांगेतले चौघे घड्याळाकडे बघतायत,
तॉर्नी माझ्याकडे.

निघताना म्हणाली, "एप्रिलमध्ये कितवी तारीख देशील?"
"पंधराच्या आतली. त्यानंतर खिळे चालत नाहीत."
"कायदा आहे ना तसा?"
"हो."
"बरं आहे," ती म्हणाली, "कायदा आहे ते."

संध्याकाळी तॉर्नीने कागद तपासला.
ब्रोलिन, जादा विक्री: शून्य.
मी तिची चारही चाकं दोनशे चौदावर चढवली.
डावं मागचं ठेवताना
खड्याची बाजू भिंतीकडे केली,
उगाच कुणी टोकरायला नको.