नाव

वूच म्हणजे नाव. पाण्यावर चालते ती.
आमच्या शहराचं हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे.
अठरा नद्या होत्या म्हणे इथे,
गिरणीमालकांनी नळांत घालून पुरल्या.
ट्रामच्या रुळांखालून अजून वाहतात.
बावीस वर्षं मी त्यांच्यावरून ये-जा केली
आणि एकदाही काही ओलं ऐकू आलं नाही.

पहाटे चार चाळीसला डेपोत नळीत फुंकावं लागतं.
फुंकलं. यंत्र लाल झालं.
साहेब काहीच बोलले नाहीत,
किल्ली तेवढी मागून घेतली,
लेकराच्या हातातून कात्री काढून घ्यावी तशी.

डबे धुणारा झेनॉन,
नाताळच्या पार्टीतही पाणीच पितो म्हणून
ज्याला आम्ही बेडूक म्हणायचो,
त्याने जुन्या तिकिटामागे लिहून दिलं:
मंगळवार, सहा. दुसरं फाटक, अंगणातून आत,
लाँड्रीखाली. घंटा बिघडलीय, दार ढकल.
"तुला कसं माहीत?"
"मी गुरुवारवाला," म्हणाला, आणि चाकावर पाईप धरला.

पहिल्या मंगळवारी फाटकासमोरून तीनदा गेले.
चौथ्यांदा समोरच्या दुकानात.
मग घरी. एवढंच सांगते.

दुसऱ्या मंगळवारी दार ढकललं. कुलूप.
काय आनंद झाला म्हणून सांगू!
प्रत्यक्ष देवानेच रजा मंजूर केली म्हणत वळले
तर दारावर चिठ्ठी, चिकटपट्टीचं एक टोक सुटलेलं:
पाईप फुटलाय. आज चर्चच्या तळघरात,
दोन स्टॉप पुढे. वाट बघतोय.

कुणाची, ते लिहिलं नव्हतं.

दोन स्टॉप मी चालत गेले.
माझ्याच नंबरची ट्राम शेजारून गेली, दुसरंच कुणी चालवत होतं.
चढायची सवय मला जुनी.
उतरायच्या पायऱ्या पहिल्यांदाच मोजल्या: अकरा.

आत नऊ माणसं, किटली, कान तुटलेले कप,
भिंतीवर पोरांनी काढलेली मेंढरं,
एकाला पाच पाय.
कुणी रडत नव्हतं. मला वाटलेलं, रडत असतील.
मिरोस्वावा नावाची म्हातारी सांगत होती,
कपड्यांच्या मशीनमध्ये लपवलेली बाटली विसरून
नवऱ्याचे शर्ट कसे फिरवले,
आणि सगळे खो खो हसत होते, ती धरून.
मग म्हणाली, त्यातलाच एक त्याला शेवटचा घातला.
वास गेला नव्हता.
कुणी काही बोललं नाही.
किटली तेवढी उकळत राहिली, कुणी बंद करेना.

नाव सांग, म्हणाले. आडनाव नको.
आडनाव बाहेर खुंटीला, ओल्या कोटाशेजारी.
लुत्सिना, म्हटलं मी.
पुढचा शब्द तोंडात आला, दाताला अडकला, तिथेच बसला.
मी ट्राम चालवते, म्हटलं. चालवायचे.
"ये, लुत्सिना," नऊ जण एकदम म्हणाले,
जणू मी अजून दारातच उभी.
होतेच.

तो शब्द निघाला सातव्या मंगळवारी.
आभाळबिभाळ काही कोसळलं नाही,
कुणीतरी साखर पुढे सरकवली.

आज एकोणतिसावा.
ट्राम दिलेली नाही अजून, झेनॉनच्या हाताखाली डबे धुते.
मला काय म्हणतात डेपोत, ठाऊक आहे.
काही रात्री झोप येत नाही,
उशीखालून काहीतरी वाहत असतं.
पाण्याचे पाईप असतील, झेनॉन म्हणतो.
असतील.

लाँड्रीखाली परतलोय आम्ही. कप विसळायची पाळी माझी.
फडकं झटकायला अंगणात गेले तर
फाटकासमोरून एक पोरगा गेला.
परत आला. घड्याळ बघितल्यासारखं केलं. पुन्हा गेला.
हाक मारली नाही मी.
हाकेने माणूस पळतो, मी पळाले असते.
एक वीट सरकवून दार उघडं अडवून ठेवलं.
थंडी येतेय आत, मिरोस्वावा ओरडली.

येऊ दे, म्हटलं.