दोन घरं खाली

गंगावेशीत संध्याकाळी सात वाजून गेले
की कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात.
तातोबा गवळ्याची चंद्री,
शिंगं मागं वळलेली, पाठीवर तेलाचा हात फिरलेला,
काळी म्हणजे अशी काळी की ट्यूबलाइट तिच्यावरून घसरते.
आणि तिच्या पोटाखाली, पितळी चरवीत
चढत चाललेला फेस.

एका चौकटीत मला दोन्ही पाहिजेत.

मीटर म्हशीकडं बघतं, म्हणतं अंधार आहे, वाढव.
ऐकलं तर म्हैस राखेत लोळून आल्यासारखी दिसते
आणि फेसाच्या जागी नुसतं भोक.
फेसाकडं वळवलं तर म्हणतं, फार झालं, उतरव.
मग दुधाचं धुणं होतं, भांडी विसळलेलं.
त्याला सगळं जग मधल्या रंगाचं हवं,
शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखं.

मागचा पडदा गेल्या रविवारी फुटला,
कळंब्याच्या बारशात, पाळण्याच्या दोरीत पट्टा अडकून.
चालू होता तेव्हा तरी कुठं खरं बोलायचा?
रात्री सगळं उजळ, भर दुपारी रंकाळ्यावर सगळं काळं.
ज्याच्या घरी जेवेल त्याची बाजू घेणारा.

हिंदुरावकाकांचा स्टुडिओ पापाच्या तिकटीला होता,
रोलच्या दिवसांत.
मीटर नव्हतं असं नाही, त्याचा सेल परवडायचा नाही.
तळहात पुढं धरायचे, बोटं जराशी मिटून,
भाजीवाल्यानं वांग्याचं वजन सांगावं तसं सांगायचे:
"पाच-सहा, साठ."
तालमीत? "पंधरावर धर आणि श्वास सोडू नको."
स्टॉपला ते घर म्हणत.
"दोन घरं वर घे पोरी. सावलीला उपाशी ठेवायचं नाही.
उजेड काय, आपलं आपण बघतंय."

तेच ऐकलं आणि पहिली तीन लग्नं वाया घालवली.
सावलीतल्या चपला मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ,
नवऱ्याच्या फेट्याला मात्र एक घडी नाही.
काळ्यातून काहीतरी वर काढता येतं,
रात्र रात्र बसून, तांदळातले खडे वेचावेत तसं.
गेलेला पांढरा गेलाच.

काकांना सांगितलं तेव्हा बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, "म्हंजे उलटंच झालं की गं समदं."
पन्नास वर्षं सावलीला भरवत आलेला माणूस.

गेल्या महिन्यात त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला.
दुसरा अजून पिकायचाय म्हणे.
आज कट्ट्यावर माझ्या शेजारी उभे आहेत,
हातात ग्लास, मिशीवर फेस,
आणि एकेक डोळा झाकून ग्लासाकडं बघतायत.
"ह्या डोळ्यानं दूध. ह्या डोळ्यानं बासुंदी."
पुन्हा झाकतात. पुन्हा उघडतात.
"मग मी इतकी वर्षं मोजत कशानं होतो गं?"

मला काही सुचत नाही.
"काका, किती ठेवू?" एवढंच विचारते.
तळहात उचलतात, सवयीनं. बघतात. खाली घेतात.
"तू सांग."

मी म्हैस बघत नाही. फेस बघते,
चरवीच्या काठाशी फुटणारे बुडबुडे,
त्यातला एकेक वेगळा दिसतोय तोवर.
"दोन घरं खाली."
"म्हस जाईल की काळोखात."
"तिला काय काळोखाचं, काका."

तातोबा धार न तोडता हसतो.
चंद्री कान झटकते, त्याच वेळी मी दाबते.

काय आलं ते घरी गेल्यावर कळेल.
थांबायची सवय त्यांना आहे, मला नाही.
पुन्हा पुन्हा फुटलेल्या काचेवर बोट जातं.
"पी," ते ग्लास पुढं करतात, "निवायच्या आत."
तोवर फेस बसलेला असतो.
खाली दूध,
अर्ध्याहून थोडं कमीच.