भिंग

भिंतीवरच्या फोटोत नवऱ्या मोजून संपत नाहीत,
सगळ्यांचा झगा एकाच मापाचा.
सोलचं स्टेडियम, ऑक्टोबरची थंडी,
आणि त्यात कुठेतरी माझी आई, चिगुसा,
निइगाताहून आदल्या रात्री उतरलेली,
उसन्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून.

नवरा तिला पाकिटातून आला होता:
पासपोर्टएवढा चेहरा, मागे पेन्सिलीनं नाव, ब्योंग-हो.
एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती.
व्यासपीठावरून काहीतरी विचारलं गेलं,
सगळे 'हो' ओरडले,
म्हणून तीही.

बाबा दर वर्षी त्या तारखेला भिंग काढायचे
आणि दर वर्षी वेगळ्याच बाईवर बोट ठेवायचे.
ही बघ तुझी आई.
आई कोबीला मीठ चोळता चोळता म्हणायची, हो, तीच.

बाबा गेले त्या हिवाळ्यात विचारलं, खरी कुठली गं?
तिनं हात पुसले. भिंग नको म्हणाली.
अगदी कडेला, चौकटीनं कापलेलं
पांढऱ्या जाळीचं एक टोक दाखवलं.
"वाकले होते. बोळा वर आला होता बुटातून.
रांग पुढे गेली, हे थांबले."

मग बाबा कुठायत?

तिचं बोट काचेवरून सरकलं,
लाकडी चौकट ओलांडून
भिंतीवर टेकलं,
गिलाव्याला पोपडा आलाय तिथे.