स

पहिले तीन दिवस सगळं सांगितल्याप्रमाणे.
कोमट पाणी, बिनवासाचा साबण,
पुसायचं नाही, टिपायचं.
म्हापशात, चपलांच्या दुकानावरच्या माडीत
सुई बाजूला ठेवता ठेवता सावियोनं बजावलं होतं:
दोन आठवडे समुद्र बंद, ऊन बंद, नखं बंद.
म्हटलं, समुद्राला मी तशीही वर्षातून एकदाच भेटते,
घाटावरचे पाहुणे आले तर.

चौथ्या दिवसापासून लोशन.
फार्मसीतली पोर म्हणाली, हे सगळ्यांना चालतं.

रात्री जाग आली.
अक्षराच्या बाहेर, जिथं सुई गेलीच नव्हती तिथं
रव्यासारखं बारीक पुरळ,
आणि खाज अशी, की उजवा हात
उशीखाली दाबून पडून राहिले,
चोराला बांधून ठेवावं तशी.

आई म्हणाली, शाई बाधली.
शेजारची फिलोमिना म्हणाली, दीष्ट.
नवरा काही म्हणाला नाही,
उठून पंखा पाचावर केला.

आझिलोत डॉक्टर क्वाद्रुश यांनी
माझा हात खिडकीकडे वळवला,
बांगड्याचा कल्ला उघडून बघावा तसा.
"शायेचो दोस ना, बाये. ट्यूब दाखय."
मग पाठीमागची मुंगीएवढी अक्षरं वाचत वाचत
त्यांचं बोट थांबलं:
मेंढीच्या लोकरीतलं तेल.

मेंढी!
एकेचाळीस वर्षांत ह्या कातडीनं
खोबरेल ओळखलं, भिंडांचा रस ओळखला,
खाणीवरून येणारी तांबडी धूळ ओळखली,
काजूचा डीक तर नको तितका.
मेंढी मात्र कधी अंगणापर्यंत आली नव्हती.
आता एकदम दारात उभी,
तर कातडी विचारते, कोणाची गे तू?

एवढं विचारायला हात सुजवावा लागतो
हे मला माहीत नव्हतं.

म्हणजे, होतं.
अस्नोड्याला, एप्रिलात, भट्टीच्या मागे.
मी नऊची, सुदिन सहाचा.
भाजलेल्या बियांचा डीक हिराच्या टोकाला घेऊन
त्यानं माझ्या मनगटावर टेकवला.
मी किंकाळी फोडली तोवर एक अक्षर झालं होतं.
फोड आला, फुटला, पाणी वाहिलं,
दोघांनाही मार बसला, त्याला जास्त,
आणि खाली राहिला, तिरका, जांभळट, एक स.

सुलक्षाचा की सुदिनचा
यावरून आम्ही दहावीपर्यंत भांडलो.

तो फिकट व्हायला लागला बघितल्यावर
मला करमेना. सावियोला म्हटलं,
आहे तेवढंच गिरव. सुंदर करू नकोस.
तो म्हणाला, लोक जुने वण झाकायला येतात, आंटी.

काल स्विंडनहून सुदिनचा व्हिडिओ.
त्याच्या खिडकीत साडेतीनलाच काळोख.
मी हात कॅमेऱ्याला लावला,
पुरळासकट.
तो हसत सुटला. हसता हसता खोकला.
"स? कसला स?
मी पोफळीवर चढणारा साप काढत होतो.
मधली आडवी रेघ आहे ना,
ती तू हात ओढलास तेव्हाची.
शेपटी काढायची राहिली."

फोन ठेवल्यावर बराच वेळ
मी नळाखाली मनगट धरून उभी होते,
नुसतं पाणी, डॉक्टरांनी सांगितलेलं.

लोशनची ट्यूब आईनं नेली.
टाचांच्या भेगांना लावते रोज, तिला काही होत नाही.
गुणाची आहे हो मेंढी, म्हणते.

पुरळ बसत चाललंय.
आज अंघोळीनंतर टॉवेलवर
एक पापुद्रा निघाला, काळसर,
बरोबर त्या आडव्या रेघेएवढा.
घाबरून हात उजेडात नेला.
रेघ जागच्या जागी आहे.
शेपटीच्या जागी
थोडी मोकळी कातडी. खाजत नाही.