सराव क्रमांक चार

बंदीच्या दिवसांत लिलाव नसतो,
म्हणून वहीही नसते,
आणि वही नसली की पगार अर्धा.
तेव्हा मी पहिला चौकोन काढला.

चौकोन मधोमध यावा, एवढंच मागणं.
तो डाव्या कोपऱ्यात
ओल्या कुत्र्यासारखा अंग चोरून.
साडेचार तास. मग एकच ओळ,
आणि तो उठला, मधे येऊन उभा राहिला.
घरात सगळे झोपलेले. कुणाला सांगणार?

सराव एक: कधी न चाखलेल्या कॉफीचं कार्ड.
सराव दोन: कधी न राहिलेल्या हॉटेलचं दरपत्रक.
तिसरा मोबाइलवर उघडला तर
सगळा मजकूर उजवीकडे सांडलेला,
बोटाने ओढत ओढत वाचावा लागे.

नागपूरची रुक्सार, जिला मी पाहिलेलं नाही,
रात्री अकराला लिहायची.
"रंग सुंदर आहेत. वाचता येत नाहीत."
राग आला. लॅपटॉप मिटला.
दुसऱ्या दिवशी भर दुपारी जेटीवर फोन काढला,
समुद्राचा सगळा उजेड काचेवर,
आणि फिकट निळ्यावर माझी फिकट निळी अक्षरं
पुळणीवर कुणी पाण्याने सही केल्यासारखी.
बरोबर होती ती.

चौथा सराव माझा मीच घेतला:
वेंगुर्ला बंदर, आजचे भाव.
नारळ सोडून झाला होता, होड्या गेल्या होत्या,
वही परत आली होती.
बांगडा, सुरमई, सरंगा, मोरी,
प्रत्येकाला फोटो, प्रत्येकाला बटण,
बटणाचे कोपरे मी संध्याकाळभर घासून गोल केलेले.
शेवंतीमावशीने बांगडा दाबला, मोरी उघडली.
"माजो अंगठो बघ, आणि तुजा बटण बघ."
अंगठ्यावर दोन खवलं चिकटलेली.
मी बघितला. बटण वाढवलं.

पास्कूअंकलांची नजर गेली त्याला सहा वर्षं झाली.
जाळी अजून तेच शिवतात,
भोक बोटांना आधी कळतं.
त्यांचा फोन बोलतो, इतका भराभर
की शेडमधल्या दुसऱ्या कुणाला एक अक्षर लागत नाही.
मी म्हटलं, हळू करा, आणि माझं पान ऐका.
फोन म्हणाला, चित्र. बटण.
चित्र. बटण. चित्र.
बटण.
अंकल सुई हातात धरून ऐकत राहिले, शेवटपर्यंत.
"गो बाय, नुसती बटणां आसत.
शर्ट खंय हा?"

अख्खी शेड हसली. मीही हसले,
घरी पोचेपर्यंत.

रुक्सारने एकच शब्द पाठवला: ऑल्ट.
आणि खाली, जो बघत नाही त्याला चित्र सांग.
थोडक्यात.

थोडक्यात!
मी लिहिलं, मासा. खोडलं.
सुंदर ताजा मासा. हे तर पोस्टर झालं.
अकरा वर्षं मी वहीत बांगडा लिहितेय,
दिवसाला चाळीस वेळा,
आणि त्याच्या पाठीवरच्या रेघा
आडव्या की उभ्या, मला सांगता येईना.
पहाटे टोपलीपाशी उकिडवी बसले.
"वही पडली काय गो?" कुणीतरी विचारलं.
नाही, म्हटलं, वाचतेय.

त्या आठवड्यात पान पाच वेळा बदललं.
दोनदा आधीपेक्षा वाईट झालं.
एकदा भावांचा अख्खा तक्ताच नाहीसा,
एक कंस मिटायचा राहिला म्हणून.

शनिवारी अंकलांच्या मांडीवर जाळं, जाळ्यावर फोन.
फोन म्हणाला,
बांगडे, टोपलीभर, कल्ले लाल, पाठीवर नागमोडी रेघा.
भाव नऊशे.
बटण, मागवा.

सुई थांबली.
मीही.

"नवशे? कोणी सांगल्यान?
काल साडेआठशे होतो."

वही उघडली. आजचाही साडेआठशेच.
नऊशे मीच टाइप केलेलं, रेघांच्या नादात.
सुधारते, म्हटलं.
त्यांचं बोट पुढच्या भोकाकडे सरकलं होतं.
"सरंग्याचो पण बघ."