नखावरचा डाग

एप्रिलात रॅक सरकवताना अंगठा चेमटला.
नख मुळापाशी काळं पडलं, ज्वारीच्या दाण्याएवढं.
दवाखान्यात जायची ती वेळ नव्हती.
फडकं गुंडाळलं, कामाला लागलो.

काम म्हणजे पुस्तकांना बसवणं.
परत आलेलं पुस्तक तीन दिवस वेगळं ठेवावं, असं पत्रक होतं.
कुठं ठेवावं ते पत्रकात नव्हतं.
खैरनार सर म्हणाले, गांगुर्डे, वाचनकक्षात खुर्च्या रिकाम्याच आहेत.
मग एकेका खुर्चीवर एकेक पुस्तक,
वर तारखेची चिठ्ठी,
तोंडं टेबलाकडे.
वीस वर्षं त्या खोलीत मी शांतता राखा म्हणत आलो.
पहिल्यांदाच सगळ्यांनी ऐकलं,
आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

सॅनिटायझर कागदाला चालत नाही
हे शिक्क्याची शाई पसरल्यावर कळलं.
सतरा मार्चचा जांभळा ढग झाला.

बायंडिंगच्या खोलीची खिडकी हा आमचा काउंटर.
बाहेर फक्कीनं आखलेले गोल.
पहिला आठवडा तिथं एक कुत्री तेवढी यायची,
बरोब्बर गोलात बसायची.

पुढं पुस्तकं एसटीनं निघाली, मालाच्या गाडीतून,
पेठला, कळवणला, सुरगाण्याला.
खोकी कुठली आणायची?
मोहाडीच्या एका बागाइतदाराकडं
परदेशी न गेलेल्या द्राक्षांच्या पेट्या पडून होत्या,
हवेसाठी भोकं पाडलेल्या.
त्यात शरीरशास्त्र, त्यात बालसंगोपन,
त्यात सहकाराच्या कायद्याचे दोन जाड खंड,
वर छापलेलं : नाजूक माल, उन्हात ठेवू नये.
मी मार्कर काढला, तर सर म्हणाले,
खोडू नका हो, खरंच आहे ते.

जिथं एसटीही जात नव्हती तिथं फोन.
डाव्या अंगठ्यानं पान दाबून धरायचं,
उजव्या हातानं फोटो.
प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात माझा अंगठा.
कापता येतो तो, सर म्हणाले.
मला कापता येईना.
माझा बाप तलाठ्यापुढं अंगठा उठवायचा
आणि शाईचं बोट घरी येईपर्यंत
दिसेल त्या भिंतीला घासायचा.
मी दिवसाला दोनशे अंगठे देत होतो.
फरक एवढाच,
अंगठ्याखालचं मला वाचता येत होतं.

एकदा रात्री अकराला मेसेज,
योगिता भोये, नर्सिंग, दुसरं वर्ष :
काका, पान एकशे बाराची शेवटची ओळ
तुमच्या अंगठ्याखाली गेलीय.
टेकडीवर चढल्याशिवाय तिला रेंज यायची नाही.
म्हणजे ती आत्ता टेकडीवर होती.
पुस्तक तर ग्रंथालयात, कुलूपबंद.
सकाळी सहाला सायकल काढली,
ती ओळ मोठ्यानं वाचून आवाजात पाठवली.
जखमेच्या कडेला हात लावण्याआधी काय करावं, अशी काहीतरी होती.
मागं कुत्री भुंकलेली त्यात ऐकू येते.

ऑगस्टमध्ये खैरनार सर गेले.
त्यांच्या खुर्चीवर एक पुस्तक बसवलेलं होतं,
चिठ्ठीवर तारीख त्यांच्याच अक्षरात.
तीन दिवस झाले. चार झाले.
कुणीच उचललं नाही.

फेब्रुवारीत दार अर्धं उघडलं.
मास्कवरच्या डोळ्यांवरून मी कुणाला ओळखत नव्हतो,
आणि ही मुलगी तर माझ्या तोंडाकडं बघतच नव्हती.
शिक्का मारणाऱ्या हाताला सोडून
पान धरलेल्या हाताकडं बघत होती.

काका, डाग गेला का?

कुठला डाग?

जूनमध्ये मधोमध होता, ती म्हणाली.
जुलैत आणखी वर सरकला.
ऑक्टोबरच्या धड्यात दिसलाच नाही, म्हटलं बरं झालं.
मग जरा थांबून,
ऑगस्टमधली पानं तेवढी हललेली आहेत सगळी.

मी नखाकडं बघितलं.
इतक्या महिन्यांत
मी स्वतः ते एकदाही बघितलं नव्हतं.

पुस्तक पुढं सरकवलं.
शिक्का मारला.
तारीख जरा वाकडी उमटली.