मार्चच्या आत

श्रीहरीने दिमापूरहून पाठवलेल्या पाकिटात
अकरा बिया होत्या आणि एक ओळ:
काकू, ही मिरची वाघीण आहे, जपून.
मी दोनदा मोजल्या.
चौतीस वर्षं हजाराच्या हिशेबात गेली,
अकरा म्हणजे किती, हातालाच कळेना.

गणपती पाण्यात गेले त्या रात्री पेरल्या,
स्लॅबवर, रंगाच्या रिकाम्या डब्यांत.
हिला पिकायला सहा-सात महिने लागतात म्हणे.
आमच्याकडे तेवढे कुठले?
कुठे कुठे थंडी येऊन बाग आटोपते,
सोलापुरात ऊनच येऊन दार लावतं.
होळी झाली की फूल धरत नाही,
सकाळी उमलतं, दुपारी देठासकट खाली.
जे काय व्हायचं ते मार्चच्या आत.

अकराही उगवल्या.
नोव्हेंबरात पानं चितारल्यासारखी झाली,
हिरव्यात पिवळं, कडा आत ओढलेल्या.
कीड असेल म्हणून जर्दा भिजवला,
त्याचं पाणी मारलं. आईही तेच मारायची.
पानं अजून वळली,
बारीक, घट्ट,
माझ्या सुपातली वळावीत तशी.

अक्कलकोट रोडला रोपं विकणारा बसवराज
पानाकडे बघेचना,
माझ्या बोटांकडे बघत राहिला.
‘विड्या वळता, अक्का?’
मग आवाज उतरवून, घरातलं काही सांगावं तसं:
तंबाखू आणि मिरची एकाच घराण्यातल्या.
तिचा रोग हिला लागतो, हातावरून जातो.
नुसत्या पाण्यानं निघत नाही.
दुधानं धुवा.

आठ उपटल्या.
उपटताना हात पदरात गुंडाळले होते,
आता कुणाला जपत होते कोण जाणे.

राहिल्या तीन.
रोज पहाटे अर्धा कप दूध, मनगटापर्यंत.
नरसय्याचा चहा काळा झाला.
मागावर त्याचे कान गेलेत,
त्याने भुवई उचलली, मी स्लॅबकडे बोट केलं.
प्याला. कडू तोंड केलं. प्याला.

नळ पाचव्या दिवशी, रात्री अडीचला.
तांदळाचं धुणं, भांड्याचं विसळण,
काय काय वर चढवलं त्याला गणती नाही.
गड्ड्याच्या यात्रेला सगळी गल्ली गेली,
मी कळ्या मोजत बसले. सात.
फेब्रुवारीत नरसय्याने वर एक चादर ताणली,
विणताना बिघडलेली, घरी आणलेली,
मोराच्या मानेतला धागा सुटलेला.
तेवढ्या फटीतून ऊन यायचं,
चार बोटं, सरकत सरकत.

कारखान्यात मुनीम कट्टे हुंगून म्हणाला,
येमुलबाई, विड्यांना दुधाचा वास येतोय.
दोन कट्टे छाट काढले.
म्हटलं, काढा.

मार्चात पारा एकोणचाळीसवर गेला.
एके दुपारी एकोणीस फुलं झाडून सुपात घेतली,
टाकवेनात, संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली.
मग मधल्या डब्यात, खालच्या पानाआड,
एक मिरची.
कातडी खरबरीत, म्हाताऱ्या कोपरासारखी.
लाल होईना. रोज वाकून सांगायची तिला,
बाई, वेळ नाही आपल्याकडे.

उगादीच्या सकाळी ती नारिंगीच होती.
तशीच तोडली.
पच्चडीत कडुलिंबाचा मोहोर, चिंच, गूळ, कैरी, मीठ,
आणि तिखटाच्या जागी तिची एक चकती,
धाग्याएवढी.
नरसय्याने चाटली.
थोडा वेळ काही नाही.
मग तो उठून उभा राहिला,
पुन्हा बसला,
आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना
मोठ्याने तेलुगूत हसला.
त्याला वाटतं तो हळूच हसतो.

मी हसता हसता डोळा पुसला.
त्याच बोटाने.

किंचाळले असणार, त्याला ऐकू आलं नाही,
पण त्याने बघितलं.
ओट्यावरचं पातेलं उचललं,
माझी ओंजळ पुढे ओढली,
आणि सगळं दूध ओतलं,
सणाच्या दिवशीचं, सगळं.

चहा पुन्हा काळा.